चौथीचा प्रकल्प चाळिशीत कसा करावा

पालकहो, दिवाळीची सुट्टी आठवड्यावर आली आहे, सत्र परीक्षेचे दोनच पेपर उरलेत, म्हणजे प्रकल्पांचा हंगाम अगदी भरात आहे. मी या हंगामातून गेल्या गुरुवारी पहाटे सव्वादोनला बाहेर पडले. अंगठ्याला ग्लू गनचा चटका, नखांत तपकिरी पोस्टर कलर, आणि ओट्याखाली अजून हिरवा भुसा सापडतोय. एवढं शिकल्यावर ते स्वतःजवळ ठेवणं बरं नाही, म्हणून हे चार सल्ले.

पहिला सल्ला ग्रुपचा. शाळेचा संदेश रात्री नऊ चाळीसला येईल. दचकू नका. त्याआधी आला तर तुम्ही मुलाला विचाराल, मूल विचार करेल, दोघं मिळून काहीतरी ठरवाल, आणि प्रकल्प बिघडेल. आमचा संदेश असा होता: ‘प्रिय पालक, उद्या सर्व विद्यार्थ्यांनी आपापल्या किल्ल्याची प्रतिकृती आणावी. प्रतिकृती विद्यार्थ्याने स्वतः बनवलेली असावी. टाकाऊ वस्तू वापराव्यात. थर्माकोल चालणार नाही.’ खाली जोडलेले हात तीन आणि गुलाब एक. यावर पहिल्या मिनिटात अंगठा द्यावा. ‘उद्या म्हणजे उद्याच का?’ असं विचारणाऱ्या एका बाबांना सगळ्यांनी मिळून ‘हो सर’ म्हटलं. ते बाबा तेव्हापासून ग्रुपवर दिसलेले नाहीत.

किल्लेच का, हेही सांगते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तेव्हा लक्षात आलं नाही की चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो, आमच्या वर्गात मुलं अठ्ठेचाळीस आहेत आणि अठ्ठेचाळीसला बाराने पूर्ण भाग जातो. हजेरीपटाप्रमाणे किल्ले वाटले गेले. शिवनेरी, लोहगड, पन्हाळा मिळाले ते सुटले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्गवाल्यांना समुद्रही करावा लागला. विजयदुर्गवाल्यांना पाणी तीनच बाजूंनी, एवढीच काय ती सवलत. एकीने परातीत निळीचं पाणी भरून सिंधुदुर्ग आणला. अरबी समुद्र रिक्षातच सांडला, मुलाचे पांढरे मोजे निळे झाले, आणि त्या दिवशी गणवेश तपासणीही होती. जिंजी वाट्याला आलेल्या आईने विचारलं, ‘हा कुठल्या तालुक्यात येतो?’ कुणीतरी ‘तमिळनाडूत’ म्हणून सांगितल्यावर ग्रुपवर पाच मिनिटं शांतता होती. एरवी गुड मॉर्निंगवालेही एवढे गप्प बसत नाहीत.

आम्हाला राजगड आला.

दुसरा सल्ला: शाळेचं वेळापत्रक शाळेला विचारू नये, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला विचारावं. मी पळत गेले तर काका शटर अर्ध्यावर आणून उभे होते. ‘चौथी ब ना? राजगड संपला. प्रतापगड आहे एक, साडेचारशे.’ मी म्हटलं, मुलांनी स्वतः करायचाय. ते हसले. इतकं मनापासून हसलेलं माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

माती सोसायटीच्या कुंड्यांतली घ्यावी. सेक्रेटरींच्या कुंडीतली घेऊ नये.

आता ‘टाकाऊतून टिकाऊ’. हा मराठी प्राथमिक शिक्षणाचा कणा आहे, त्यामुळे इथे हयगय नको. टाकाऊ वस्तू घरात नसतात, त्या विकत आणाव्या लागतात. आइस्क्रीमच्या काड्या आइस्क्रीम न खाता पाकिटात मिळतात, पन्नासचं पाकीट. मागच्या महिन्यात बाटलीचा फुलदाणी-प्रकल्प होता, तेव्हा दोन लिटरची नवी बाटली आणून कोल्ड्रिंक मोरीत ओतलं होतं, कारण लेकीला खोकला होता आणि मला ॲसिडिटी. नवी वस्तू आणायची, तिचा कचरा करायचा, कचऱ्याला चमकी लावायची, शाळेत न्यायची, आणि शाळेने ती आठवड्याने कचऱ्यात टाकायची. पर्यावरण रक्षणाची एवढी लांब साखळी दुसरीकडे कुठे सापडायची नाही. आणि थर्माकोल चालणार नाही, हे बरोबरच. सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. बक्षीस मिळालेला प्रतापगड करड्या रंगाखाली कशाचा होता, ते बोट लावलं की कळत होतं. बोट मी लावलं. बोटाला पांढरे मणी चिकटले.

तिसरा सल्ला महत्त्वाचा आहे. प्रकल्प चालू असताना मुलाला जवळ फिरकू देऊ नका. मूल काम बिघडवतं. मूल प्रश्न विचारतं. आमच्या लेकीने आठ दिवसांपूर्वी गॅलरीत स्वतःच एक राजगड करून ठेवला होता, मातीचा, विटेच्या तुकड्यांवर. बालेकिल्ला एका बाजूला कललेला, आणि पहाऱ्याला मावळा म्हणून प्लॅस्टिकचा डायनासोर. वर हळीव पेरले होते, ते नेमके पद्मावती माचीवर दाट उगवले आणि बाकी गड टकला. असलं काही शाळेत पाठवता येतं का? मी तिला दहा वाजता झोपवलं. शेजारच्या आजींचा शिसवी पाट मागून आणला (खाली काहीतरी भक्कम लागतं) आणि बसले. मिक्सरच्या खोक्यातून पद्मावती माची, अंड्यांच्या ट्रेची सुवेळा माची, तिच्यातलं नेढं पेन्सिलीने भोक पाडून. कागदाचा लगदा, मैद्याची खळ, हिरवा रंगवलेला भुसा. नवरा बारापर्यंत टॉर्च धरून होता, मग टॉर्चसकट झोपला. एक वाजता संजीवनी माचीपर्यंत पोचले तेव्हा अंगात त्राण नव्हतं, एक भिंत घातली आणि सोडून दिली. सकाळी लेक दात घासत येऊन उभी राहिली, गडाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, ‘आई, संजीवनीला दुहेरी तटबंदी असते.’

बघितलंत? म्हणून म्हटलं, दूर ठेवा.

जाता जाता थोडं गणित. केंद्र सरकारचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं की दुसरीपर्यंत गृहपाठ नको, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्यात जास्तीत जास्त दोन तास. मी एका रात्रीत साडेचार तास केला. सव्वादोन आठवड्यांचा अभ्यास माझा आगाऊ झालाय, तो कुठे जमा होतो ते कार्यालयाने कळवावं.

भोंडल्याच्या खिरापतीचे डबे परत येत नाहीत, त्यामुळे चांगले देऊ नका.

‘आपले मदतनीस’ या दिवशी मुलाला कोण करायचं हा प्रश्न पडला तर डॉक्टर टाळा, सगळे डॉक्टर होतात. शेतकरी भाड्याने मिळतो, अडीचशे रुपयांत धोतर, मुंडासं आणि प्लॅस्टिकचा विळा. आमच्या शेजारचा मुलगा झाला होता. त्याचे आजोबा खरोखरचे शेतकरी, साताऱ्याहून आले होते, पँट-शर्टात. नातवाला बघून म्हणाले, ‘ह्यो कोण?’ एक मुलगी सफाई कामगार झाली होती, हातात नवा कोरा झाडू, आणि भाषण पाठ. भाषण चालू असताना शाळेच्या मावशी मागे रंगीत कागदाचे तुकडे गोळा करत होत्या. त्यांना कुणी ‘जरा बाजूला व्हा’ म्हणालं, फोटोत येत होत्या.

फोटोवरून आठवलं. पुढचा सल्ला शाळेच्या सत्र वार्तापत्राचा, ते काल आलं. आठ पानं, गुळगुळीत, मोबाइलवर उघडायला दहा मिनिटं. हे वाचायला शिका. वृक्षारोपण: एक रोप, नऊ मान्यवर, मुलं शून्य. खड्डा गेल्या वर्षीचाच, मी ओळखते, शेजारी तोच तुटका नळ आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनही असतो आणि जागतिक हात धुवा दिनही, त्यामुळे एका पानावर मुलं पुस्तकं धरून आणि समोरच्या पानावर साबण धरून. साबण कोरडे आहेत. त्या आठवड्यात टाकीत पाणी नव्हतं, मुलं पाण्याची बाटली घरूनच नेत होती, हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही आहे. आणि सहाव्या पानावर, पानभर: ‘चिमुकल्या हातांनी साकारले दुर्गवैभव’. फोटोत मधोमध माझा राजगड. त्याच्यामागे विश्वस्त, त्यांच्या बाजूला त्यांचे मित्र, मित्रांच्या बाजूला मुख्याध्यापिका. उजव्या कडेला एक निळी रिबीन आणि अर्धी वेणी दिसते. ती चिमुकली.

त्या अर्ध्या वेणीला विश्वस्तांनी विचारलं होतं, ‘बाळा, हे कशापासून बनवलंस?’ ती म्हणाली, ‘आईला माहितीय.’ सगळे हसले. मग प्रकल्पाच्या शेऱ्यात आलं: ‘सुबकपणा कमी. अधिक स्वप्रयत्न अपेक्षित.’

सुबकपणा कमी!

पहाटे सव्वादोनला, चटका बसलेल्या अंगठ्याने, आणि सुबकपणा कमी. पहिलं बक्षीस साडेचारशे रुपयांच्या प्रतापगडाला, ज्यात दिव्यांची माळ आणि खाली कंपनीचा स्टिकर अर्धवट खरवडलेला. मला राग आला तो आधी बक्षिसाचाच आला, हे कबूल करते. चाळिशीतली बाई चौथीच्या बक्षिसासाठी रुसली. दोन दिवस रुसून होते. तिसऱ्या दिवशी गॅलरीत कपडे वाळत घालताना तो कललेला बालेकिल्ला दिसला, हळीव एव्हाना पिवळे पडलेले, आणि डायनासोर अजून पहाऱ्यावर. तेव्हा राग जिथे जायला हवा होता तिथे गेला.

आता सल्ले पुरे.

ही पोरगी राजगडाच्या तिन्ही माच्या सांगते. नेढं म्हणजे काय ते हाताने गोल करून दाखवते. हे तिने मातीत हात घालून, पुस्तक शेजारी उघडं ठेवून शिकलंय, कुणी न सांगता. शाळावाल्यांनो, तुम्हाला जे पाहिजे होतं ते नेमकं हेच नव्हतं का? २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तिसरी-चौथीला साठ टक्के भार आकारिक मूल्यमापनावर, म्हणजे मूल शिकत असतानाच वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनावर. प्रकल्प हे त्याचं एक साधन, तसंच दैनंदिन निरीक्षण हेही एक. निरीक्षण मुलाचं करायचं, हातात माती असताना. ते वर्गात होतं. माझ्या ओट्यावर रात्री एकला कोण कुणाचं निरीक्षण करतंय? तुमच्या जिन्यात ताराबाई मोडकांचा फोटो लावलाय, हारासकट. त्यांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या टेकडीवर पानं, बिया, शंख-शिंपले, खडे यांवर मुलांना शिकवलं. मुलं गुरं चारायला जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. आणि तुम्ही त्या फोटोखाली टेबल मांडून विकतच्या थर्माकोलला बक्षीस देता. दुसरा जिना नव्हता का?

वर्गशिक्षिकांवर माझा राग नाही. त्यांना वरून संदेश साडेनऊला येतो, आमच्यापर्यंत दहा मिनिटांत पोचतो, यात त्यांची चपळाईच दिसते. त्यांना फोटो काढून, माहिती भरून, लिंकवर टाकून, मग उरलेल्या वेळात शिकवायचं असतं. पण ज्यांना सहाव्या पानावर मधोमध उभं राहायचं असतं त्यांना विचारते: मैदानात माती आहे, विटा कुंपणाशी पडून आहेत, अठ्ठेचाळीस मुलं आहेत, आणि आठवड्याला दोन तासिका कार्यानुभवाच्या आहेत, ज्यांत सध्या मुलं वह्यांना समास आखतात. चार मुलांचा एक गट, बारा किल्ले, आपोआप होतात. भागाकार तुमचाच आहे. कललेले होतील. कलू द्या. पाऊस आला तर विरघळतील, पुन्हा करतील. हे नको असेल तर निदान ‘स्वतः बनवलेला’ हा शब्द लिहू नका. नऊ वर्षांच्या पोरांना आपण सगळे मिळून शिकवतोय की खोटं बोलायचं, सुबक बोलायचं, आणि फोटोच्या वेळी कडेला उभं राहायचं.

आणि आपण पालक? अंगठे कुणी दिले? मी दिला, अडतिसाव्या सेकंदाला. लेकीचा किल्ला गॅलरीत तयार उभा असताना तो पाठवायची लाज मला वाटली, शाळेला नाही. त्या एकट्या बाबांनी विचारलं तेव्हा ‘हो सर’ लिहिणाऱ्यांत मी होते. लाज वाटायला हवी, आपल्या सगळ्यांना. त्या बाबांचा नंबर कुणाकडे असेल तर द्या.

एक शेवटचं कार्यालयासाठी. राजगड सोमवारी कचऱ्याच्या गाडीतून गेला, मावशींनी सांगितलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्याखालचा शिसवी पाट आजींचा आहे, मागे पांढऱ्या रंगात त्यांच्या सासूबाईंचं नाव आहे, आणि पाडव्याला ओवाळताना त्यांना तोच लागतो. तो मी काल तुमच्या दारात पाहिला. त्यावर विश्वस्तांच्या स्वागताची कुंडी ठेवली आहे. उद्या साडेसातला येते. कुंडी तेवढी उचलून ठेवा.