लांब, पण प्रशस्त

शहर सोडून उपनगरात राहायला जायचं तुमच्या मनात घोळतंय म्हणे. उत्तम विचार आहे. सात वर्षांपूर्वी मी हेच करून बसलोय, त्यामुळे तुम्हाला सल्ला देण्याचा हक्क मला आपोआपच मिळतो.

सुरुवात घर बघण्यापासून. ते रविवारीच बघावं, सकाळी अकराच्या सुमारास. रस्ता रिकामा असतो, ऊन बरोबर हॉलच्या मध्यावर पडलेलं असतं आणि शहरातून निघाल्यापासून चाळीस मिनिटांत आपण दारात उभे असतो. ही चाळीस मिनिटं नीट जपून ठेवा. पुढे कुणीही ‘किती वेळ लागतो हो?’ असं विचारलं की हाच आकडा सांगायचा असतो. ‘घर पाहावं बांधून’ असं पूर्वज सांगून गेले. सोमवारी सकाळी आठला निघून पाहावं, असं काही ते म्हणाले नाहीत, आणि म्हणींमध्ये भर घालणारे आपण कोण?

आत गेलात की एक खोली जास्तीची दिसेल. तिच्यात उभं राहून मोठ्याने स्वप्नं बघायची. ‘इथे पुस्तकं लावू, इथे तू बसशील, इथे मी चित्रं काढीन.’ बोलताना आवाज छान घुमतो. रिकाम्या खोलीत घुमतोच, पण त्या घुमण्यालाच समाधान समजून बयाणा द्यावा.

माझ्या त्या खोलीत आज काय आहे तेही सांगून टाकतो. व्यायामाचं एक यंत्र आहे, त्यावर टॉवेल वाळतात. एकीच्या पोटात दुसरी अशा दोन सुटकेसी आहेत. टीव्हीचं खोकं आहे. ते वॉरंटी संपेपर्यंत ठेवायचं ठरलं होतं आणि वॉरंटी संपून चार वर्षं झाली. शिवाय चित्रकाराची तिपाई आहे. तिला कागद लावलेला आहे आणि कागदावर एक आडवी रेघ आहे. ते क्षितिज आहे. पुढचं चित्र सवड मिळाली की.

सवडीचा विषय निघालाच आहे तर दुसरा नियम सांगतो: हिशेब करायचा नाही. मी एकदा गाडीत जागा मिळाली म्हणून केला. जाऊन-येऊन रोज अडीच तास, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे. ६०० तास झाले. म्हणजे २५ दिवस, रात्री धरून. वर्षातला जवळजवळ एक अख्खा महिना मी कुणाच्या तरी खांद्यावरच्या बॅगेकडे बघत घालवतो. त्यानंतर जागा मिळाली तरी मी डोळे मिटून घेतो.

अभ्यासकांच्या नादी तर मुळीच लागू नका. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन स्विस अर्थशास्त्रज्ञांनी असलाच एक उद्योग करून २००८ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या शास्त्राप्रमाणे प्रवासाचा त्रास सोसणाऱ्याला मोठ्या किंवा स्वस्त घरातून, नाहीतर चांगल्या पगारातून भरपाई मिळायला हवी आणि जवळचा काय, लांबचा काय, दोघेही सारखेच समाधानी असायला हवेत. त्यांनी जर्मनीतली अनेक वर्षांची आकडेवारी तपासली. निघालं उलटंच: प्रवास जितका लांबलचक, तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. भरपाई काही पोचत नव्हती. त्यांनी याला विरोधाभास असं नाव दिलं. माणूस राजीखुशीने, सहीनिशी स्वतःचं नुकसान करून घेतो, हे अर्थशास्त्रज्ञांना चटकन पचत नाही. आमच्या सव्वासातच्या गाडीत विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. मोठ्या खोलीची सवय तीन महिन्यांत होते आणि मग ती मोठी वाटेनाशी होते. अडकून पडण्याची सवय मात्र होत नाही, कारण रोज नव्या ठिकाणी, नव्या कारणाने अडकायला होतं.

यावर ‘अहो, पण रस्ता रुंद होतोय ना!’ असं म्हणायला शिका. नवा मार्ग दोन वर्षांत सुरू होणार आहे. मी आलो तेव्हाही दोनच वर्षं राहिली होती. आकड्यात सातत्य आहे. तो झालाच, तर अँथनी डाऊन्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच लिहून ठेवलंय की मोठ्या शहरांतला वेगवान मार्ग कितीही वाढवा, गर्दीच्या वेळी तो भरेपर्यंत वाहनं येतच राहतात. आणि १९९४ मध्ये चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने असं मांडलं, की माणूस पायी चालत होता तेव्हापासून दिवसाचा साधारण तासभरच ये-जा करण्यात घालवतो. वाहनाचा वेग वाढला की वेळ वाचत नाही, घर लांब जातं. माझं तर मार्केटींच्या हिशेबाच्याही बाहेर गेलंय, पण तेवढीच हवा मोकळी.

मुळात ही सगळी कल्पना वाईट नव्हती. एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज गृहस्थाने १८९८ मध्ये उद्यान-नगरांची योजना मांडली, तेव्हा तिच्यात घर, बाग, शेती आणि कामधंदा हे सगळं एकाच ठिकाणी होतं. १९०३ मध्ये लेचवर्थला तशा पहिल्या नगराचं काम सुरूही झालं. पुढच्यांनी त्यातली बाग उचलून माहितीपत्रकावर छापली आणि कामधंदा शहरातच ठेवला. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने तर १९१५ पासून आपल्या रुळांलगतच्या वस्त्यांना ‘मेट्रो-लँड’ असं गोंडस नाव देऊन जाहिराती सुरू केल्या. आमच्या रुळाशेजारी घर घ्या आणि मग जन्मभर आमचंच तिकीट काढा. इतका सरळ व्यवहार हल्ली बघायला मिळत नाही.

‘उप’ या उपसर्गाने खरं तर आधीच सावध करायला हवं होतं. उपाध्यक्ष, उपसंपादक, उपमुख्याध्यापक: काम तेवढंच, खुर्ची मागची. उपनगरही त्यातलंच. आणि त्याच्या शेजारी शब्दकोशात उपद्व्याप बसलेला असतो.

पण तुम्ही शांततेसाठी जाताय ना? मग हरकत नाही. शांतता भरपूर आहे. रात्री फ्रिज चालू झाला, बंद पडला, हे आतल्या खोलीत ऐकू येतं. पहिल्या आठवड्यात मी त्याचं कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात तो किती मिनिटांनी चालू होतो हे मोजायला लागलो. शहरातल्या घरी वरच्या मजल्यावरचा माणूस रोज रात्री साडेदहाला खुर्ची ओढायचा. मी त्याच्याशी दोनदा भांडलो होतो. आता साडेदहा वाजले की मी छताकडे बघतो.

मुलांसाठी हे वातावरण आदर्श. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला वही हवी असली तरी मला गाडी काढावी लागते. शहरात ती चप्पल अडकवून जायची आणि वही घेऊन पाच मिनिटांत परत यायची. आता आम्हाला एकमेकांचा सहवास लाभतो. तिला कुणी ‘कुठे राहतेस?’ असं विचारलं, की ती आधी शहराचं नाव घेते, जरा थांबते आणि मग हळूच ‘च्या पुढे’ असं जोडते.

मित्रांचं म्हणाल तर ते टिकतात. फक्त भेटतात कमी. शहरात कुणाकडे जमलो की साधारण सव्वानऊला एखादा खरा किस्सा सुरू होतो, ज्याच्यासाठी सगळे थांबलेले असतात. त्याच वेळी मी दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत असतो. शेवटची सोयीची गाडी नऊ चाळीसची. ‘तुला लांब जायचंय ना, नीघ तू,’ असं सगळे मायेने म्हणतात. जिन्यात पोचतो तेव्हा वरून हसण्याचा गडगडाट ऐकू येतो. सात वर्षांत मी एकाही किश्शाचा शेवट ऐकलेला नाही. सुरुवाती मात्र पुष्कळ पाठ आहेत.

हे असलं कुणापाशी बोलायचं नसतं, हा शेवटचा आणि सर्वात महत्त्वाचा नियम. पश्चात्ताप झाला तर तो त्या जास्तीच्या खोलीत ठेवावा, तिथे जागा आहे. लोकांनी विचारलं की ‘हवा काय सुंदर आहे!’ एवढंच म्हणायचं. शेपूट तुटलेल्या कोल्ह्याची गोष्ट तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. त्या कोल्ह्याची बाजू मात्र कुणी ऐकून घेतली नाही. त्याला एकटं वाटत असणार.

तर मुद्द्याचं. आमच्या खालचा फ्लॅट गेल्या महिन्यात रिकामा झालाय. आधीचं कुटुंब शहरात परत गेलं, त्यांची काहीतरी घरगुती अडचण होती. अगदी तुमच्यासारख्यांसाठीच आहे, एक खोली जास्तीची आहे. लांब नाही हो, चाळीस मिनिटं. रविवारी या, अकराच्या सुमारास.