उचल आणि गणिताच्या वहीची मागची पाने

आज निवृत्त शिक्षकांच्या स्नेहमेळाव्यात एका जुन्या सहकाऱ्यांनी, हंगामाआधी मुकादमाकडून म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेणाऱ्या ऊसतोड कामगारांविषयी जे ऐकवले, त्यानंतर माझा घास घशाखाली उतरला नाही. "यांना पैसा टिकवता येत नाही, उचल घेतात, लग्नात उडवतात आणि पुन्हा मुकादमाच्या दारात उभे राहतात," असे ते म्हणाले आणि सगळ्या पंगतीने माना डोलावल्या. जन्मभर एक तारखेला पगार घेतलेल्या माणसांनी!

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील माझ्या शाळेत दसरा झाला की वर्ग अर्धा रिकामा होई. कोल्हापूरकडच्या उसाच्या फडावरून उन्हाळ्याच्या तोंडाशी परतलेल्या सहावीतल्या एका मुलीने एकदा गणिताची वही माझ्यापुढे ठेवली. मागच्या पानांवर तिने आईबापांनी तोडलेल्या उसाचे टन, आजारपणाचे खाडे आणि फिटलेली उचल असा अख्खा हंगाम पेन्सिलीने मांडला होता. तिची बेरीज बरोबर होती. मुकादमाच्या वहीतली बाकी मात्र त्याहून कितीतरी जास्त होती.

पंगतीत ऐकलेले मत जुनेच आहे. मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांनी मेक्सिकोतील गरीब कुटुंबांच्या अभ्यासातून 'गरिबीची संस्कृती', म्हणजे गरिबीत घडलेल्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात, ही कल्पना मांडली. ही वागणूक म्हणजे समाजाच्या तळाशी ढकलले गेल्यावर जगण्यासाठी केलेली तडजोड आहे, असेही त्यांनीच म्हटले होते. पण लोकांनी सोयीचे तेवढे उचलले. पुढे 1971 साली हर्बर्ट गॅन्स या समाजशास्त्रज्ञांनी गरिबीचा उपयोग कोणाला होतो, असा उलटा प्रश्न विचारला आणि नकोशी कामे स्वस्तात करून घेणाऱ्यांना, हे त्याचे एक उत्तर दिले. त्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी 2250 उष्मांकांच्या आहारावरून भारतातील दारिद्र्य मोजून दाखवले. ते मोजणे आवश्यकच होते. मात्र कोण कोणाचे किती देणे लागतो, हे कोणतीही दारिद्र्यरेषा सांगत नाही. ते त्या मुलीच्या वहीत होते.

नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता, असा हा हिशेब चालतो. उचल जोडीला मिळते, त्यामुळे ज्या लग्नांवर आमचे सहकारी इतके चिडले, त्यांतली कित्येक नवा कोयता जोडण्यासाठीच घाईने, मुलगी अल्पवयीन असताना लावली जातात. काही पुरुष दारूत पैसा घालवतात, हे मान्य. आमच्या शिक्षकांतही असे महाभाग होते, त्यांच्या पगाराला कोणी संस्कृती म्हटले नाही.

असो, राग आवरते. कारण या वहीची गोष्ट मी पंगतीत काढू शकले नाही. वही पाहिली त्या वेळी मोठ्या उत्साहाने मी त्या मुलीच्या वडिलांना हा हिशेब मुकादमाला दाखवायला सांगितले होते. त्यांनी वही मिटून लेकीच्या हातात दिली आणि म्हणाले, "बाई, तुमचं खरं हाय, पण फुडल्या साली आमाला नेणार कोण?"

पुढच्या वर्षी धाकट्या भावंडांना सांभाळायला तीही फडावर गेली आणि परतली नाही. शाळेच्या गळतीच्या तक्त्यात कारणाचा एक रकाना असे. त्यात मी माझ्या वळणदार अक्षरात 'पालकांची उदासीनता' असे लिहिले आणि खाली सही केली.