पंखा वारा खायला लागला की 9.9 काय नि 4 काय

ऑक्टोबर उजाडला की शिडाच्या होड्या बाळगणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. पावसाळाभर वर काढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात सोडायचे हे दिवस. कुणाची तरी मोटर सुरू होत नाही, नवी घ्यायची चर्चा निघते आणि लगेच तो फॉरवर्ड येऊन पडतो. त्याचं सार असं: वीस-चोवीस फुटी होडीला डोळे झाकून 9.9 हॉर्सपॉवरची आउटबोर्ड (होडीच्या मागे टांगायची मोटर) घ्या. ताकद जास्त तर वेग जास्त. मुंबईच्या पाण्याच्या ओढीपुढे लहान मशीन टिकत नाही. शाफ्ट, म्हणजे मशीनपासून खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा, शॉर्ट घ्या, स्वस्त पडतो, कोळी तोच वापरतात. जुनी टू-स्ट्रोक मिळाली तर सोन्याहून पिवळं. पेट्रोल कुठलंही चालतं. इलेक्ट्रिक म्हणजे खेळणं. आणि शेवटी, नंतर वाढवता येत नाही, म्हणून आधीच मोठी घ्या.

हा सल्ला मी एकदा मानला आहे, म्हणून लिहितोय.

आमची होडी तिघांत मिळून आहे. लांबी बावीस फूट, पाण्याला टेकलेली लांबी अठरा फूट, वजन साधारण 1100 किलो. आता पहिला मुद्दा, ताकद आणि वेग. असली पोट बुडवून चालणारी होडी पुढे जाताना नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट उठवते आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की होडी दोन उंचवट्यांच्या मधल्या खड्ड्यात बसते. त्यापुढचा वेग म्हणजे स्वतःच उकरलेल्या खड्ड्यातून वर चढणं. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1870च्या दशकात टॉर्कीला लांबलचक टाकी बांधून, तीत जहाजांची छोटी मॉडेलं ओढून, या लाटांचं गणित बसवलं. त्यातून निघालेला ठोकताळा सोपा आहे: पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ गुणिले 1.34, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला सागरी मैल. अठराचं वर्गमूळ 4.24, म्हणजे आमची होडी 5.7 नॉटला अडते. चार हॉर्सपॉवरने ती शांत पाण्यात पाचाच्या वर जाते. 9.9 लावली तर साडेपाच-पावणेसहा. वरची सगळी ताकद मागे पांढरा फेस काढण्यात जाते आणि होडीचं बूड, म्हणजे मागचं टोक, खाली दबतं ते वेगळंच.

टनाला चार हॉर्सपॉवर हा जुना हिशेब अजूनही बरोबर बसतो. समोरून वारा असेल, डोलकाठी आणि दोरखंड वारा अडवत असतील, तर थोडी भर घाला. आमच्यासारखीला पाच-सहा पुष्कळ झाली. तीन टनांची अवजड होडी असेल तर मात्र 9.9 खुशाल घ्या, तिथे फॉरवर्ड बरोबरच आहे. बाकी 9.9 या आकड्यात तसलं काही तेज नाही. अमेरिकेत कितीतरी तलावांवर दहा हॉर्सपॉवरची मर्यादा असते, तिच्या आत बसावं म्हणून हा आकडा. बाटाच्या किमतीसारखाच प्रकार.

याहून मोठी गंमत पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये आहे. पंख्याची पिच म्हणजे लाकडात स्क्रू जसा फेऱ्यागणिक आत जातो, तसा पंखा एका फेरीत पाण्यात किती इंच पुढे सरकेल ते. दुकानातली साधी 9.9 ही हलक्या, पाण्यावर उडत जाणाऱ्या बोटीचा विचार करून पंखा लावलेली असते. इंजिनाचे मिनिटाला 5000 फेरे, खाली गिअर साधारण 2:1, म्हणजे पंख्याचे 2500. पिच 8 इंच असेल तर कागदावर हा पंखा सोळा नॉटच्या वेगाने पुढे जाऊ पाहतो. होडी तर साडेपाचाच्या पुढे हलत नाही. मग चौथ्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीचं होतं तेच इथे होतं: इंजिन गुदमरतं, फेरे चढतच नाहीत, आणि फेरे चढले नाहीत तर छापलेली ताकद मिळत नाही. पैसे 9.9 चे मोजायचे आणि वापरायची त्यातली निम्मी. शिडाच्या होडीला लागतो रुंद आणि कमी पिचचा पंखा. यामाहाची हाय-थ्रस्ट 9.9 याच कामासाठी आहे, तिचा गिअर 2.92:1 असतो, साधीचा 2.08:1. तोहात्सूची 6 हॉर्सपॉवरची सेलबोटीसाठीच काढलेली मशीन कमी पिचचा पंखा आणि एक्स्ट्रा लाँग शाफ्ट घेऊनच येते. फॉरवर्डमध्ये पंख्याबद्दल चकार शब्द नाही.

दुसरा मुद्दा ओढीचा. मुंबई बंदरात उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं आणि ओढ दोन-तीन नॉटला जाते, हे खरं. मांडव्याहून गेटवे साडेसात सागरी मैल. समोरून अडीच नॉटची ओढ धरा. होडी 5.2 ने चालवली तर जमिनीच्या हिशेबाने 2.7, लागले पावणेतीन तास. मोठी मशीन लावून 5.6 केली तर 3.1, म्हणजे दोन तास पंचवीस मिनिटं. सगळा खर्च करून वाचली वीस मिनिटं. तीच ओढ पाठीशी असेल तर लहान मशीनवर तासाच्या आत घरी.

ती पाठीशी कधी असते हे आपल्या आज्यांना माहीत होतं: तिथीच्या पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नक्की वेळ टाइड टेबलात बघावी. पण एवढ्यावरूनही कळतं की पौर्णिमेच्या रविवारी सकाळी मांडव्याकडे जाताना भरती अंगावर येते आणि दुपारी परतताना ओहोटी. अष्टमीला नेमकं उलटं: सकाळची ओहोटी बाहेर नेऊन सोडते, दुपारची भरती घरी आणते, आणि भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी असल्यामुळे ओढही निम्मी. आम्ही आता सहल रविवार बघून नाही, अष्टमी-नवमी बघून ठरवतो. त्यासाठी चाळीस किलोची मशीन लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

आता शाफ्ट. खरं भांडण इथे आहे.

आम्ही फॉरवर्ड ऐकून जुनी 9.9 घेतली, शॉर्ट शाफ्ट. पौर्णिमेनंतरचीच दुपार होती. ओहोटी बाहेर धावत होती, वायव्येचा वारा तिच्या अंगावर येत होता, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या झाल्या होत्या. शिडं उतरवली, मशीन चालू. पुढच्या शिडाचा दोर अडकला म्हणून एकजण नाळेकडे गेला. सत्तर किलोचा माणूस पुढे गेला की एवढ्याशा होडीचं बूड काही इंच सहज उचलतं. पुढच्या लाटेला मशीन अशी किंचाळली, की मिक्सर रिकामा फिरावा. पंखा पाण्याबाहेर. लाट गेली, पंखा आत, घरघर, पुन्हा किंचाळी. मशीनच्या बाजूने पडणारी पाण्याची धार तुटायला लागली, म्हणजे थंड करणारं पाणीही आत जात नव्हतं. पंपातलं रबराचं चाक कोरडं फिरलं की काही मिनिटांत जळतं. मशीन बंद केली आणि नांगर टाकला. बाजूने जाणाऱ्या मासेमारी बोटीवरचा तांडेल आमच्याकडे बघून एवढंच म्हणाला, “मशीन दांडगी हाय साहेब, पन पंखा वारा खातो.”

मेकॅनिक याला सरसकट कॅव्हिटेशन म्हणतात. बरोबर शब्द व्हेंटिलेशन, पण तांडेलाचं नाव दोन्हींपेक्षा चांगलं.

आउटबोर्डच्या शाफ्टची मुख्य तीन मापं असतात: शॉर्ट 15 इंच, लाँग 20, एक्स्ट्रा लाँग 25. मशीन जिथे अडकवतो तिथपासून पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंत मोजायचं. ही पट्टी होडी डोलत असतानाही पाण्याखालीच राहायला हवी. कोळ्यांना शॉर्ट शाफ्ट का चालतो? त्यांच्या लहान होडीची मागची फळी पाण्याजवळ असते, आणि मशीन धरणारा माणूस, जाळं, बर्फ, सगळं वजन बहुतेक मागेच. शिडाच्या होडीचं बूड उंच, मशीन टांगायचं ब्रॅकेट त्याहून उंच, आणि काम पडतं तेव्हा माणसं नेमकी पुढे. त्यांचं बघून शॉर्ट शाफ्ट घेणं म्हणजे शेजाऱ्याच्या मापाचा सदरा शिवणं.

मोठ्या मशीनचं वजन हेही बूड उचलण्या-दबण्याच्या याच कथेतलं. फोर-स्ट्रोक 6 साधारण 26 किलो, 9.8-9.9 चाळिसाच्या आसपास. होडीच्या टोकाबाहेर टांगलेले ते चौदा किलो जास्तीचे, शिडावर चालतानाही सोबत येतात. आणि दर जूनमध्ये ती काढून किनाऱ्यावर न्यायची असते. हलणाऱ्या होडीच्या मागे, हलणाऱ्या डिंगीत (किनाऱ्यावर ने-आण करणाऱ्या छोट्या होडीत) उभं राहून, चाळीस किलो छातीशी धरून एकदा बघा. आम्ही दोघांनी मिळून केलं, तरी खाली दोर बांधलेला होता म्हणून ती आज कुणाच्या तरी कामाला येतेय.

टू-स्ट्रोकबद्दल फार लिहीत नाही. हलकी असते, साधी असते, बंदरात कुणीही उघडून दुरुस्त करतो, हे सगळं मान्य. पण शिडाची होडी मशीन चालवते ती तासभर मंद. मंद चालवली की टू-स्ट्रोकचा प्लग तेलकट होतो, धूर कॉकपिटमध्ये फिरतो आणि पेट्रोल जास्त जातं. दिवसभर पूर्ण थ्रॉटलवर राबणाऱ्याला ती परवडते.

“पेट्रोल कुठलंही” या वाक्याने मात्र गेल्या दोन वर्षांत जितकी कार्बोरेटरं अडकवली असतील तितकी मिठानेही नसतील, असं मला वाटतं. आपल्या पंपांवर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा 10 टक्के लिहिलेली असते. गाडीत टाकी आठवड्यात रिकामी होते, म्हणून फरक जाणवत नाही. होडीची दहा लिटरची टाकी दिवाळीपासून होळीपर्यंत पुरते, तीही समुद्राच्या दमट हवेत, झाकणाचा व्हेंट उघडा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी पुरेसं झालं की दोघं मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. मशीनची नळी नेमकी तळातूनच ओढते. मी यंदा कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला पिवळट चिकट थर आणि त्यात पाण्याचा हरभऱ्याएवढा थेंब. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं, त्याला एवढं पुष्कळ. उपाय कंटाळवाणे पण सोपे: दोन-तीन लिटरच आणा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, घरी निघताना नळी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीचा स्क्रू सोडून उरलेलं काढा. उरलेलं पेट्रोल स्कूटरला.

इलेक्ट्रिक खेळणं नाही, पण सगळ्यांसाठीही नाही. टॉर्कीडो या कंपनीची 1100 वॅटची, 1103 मॉडेलची इलेक्ट्रिक आउटबोर्ड घेतली तर बॅटरी 915 वॅट-अवर, म्हणजे पूर्ण ताकदीवर जेमतेम पन्नास मिनिटं. एक लिटर पेट्रोल लहान इंजिनात जाळून पंख्याला जेवढं मिळतं, ते अशा बॅटरीच्या जवळपास दुप्पट. मांडव्याला जायचं असेल तर नको. मूरिंग (होडी बांधून ठेवायची पाण्यातली जागा) सोडून शिडं वर करेपर्यंत दहा मिनिटं आणि परत येताना दहा, एवढंच काम असेल तर आमच्या 1100 किलोंना ती पुरते. वास नाही, वाटी नाही, इथेनॉल नाही. फक्त बॅटरी दरवेळी काढून डिंगीतून, टॅक्सीतून घरी चार्जिंगला न्यायची तयारी हवी.

राहिलं शेवटचं, नंतर वाढवता येत नाही. तोहात्सूच्या 4, 5 आणि 6 हॉर्सपॉवर या तिन्ही मशीन एकाच 123 सीसी सिलिंडरवर बांधलेल्या आहेत, वजनही जवळपास तेच. तेव्हा त्यातली मोठी घ्यायची तर जरूर घ्या. नंतर सहजी वाढत नाही तो शाफ्ट. दुकानात फोन करण्याआधी टेप घेऊन होडीवर जा, दोघांना नाळेवर उभं करा, तिसऱ्याने मागे वाकून ब्रॅकेटपासून पाण्यापर्यंत मोजा. आमचं पंधरा इंच भरलं. त्यात पट्टी पाण्याखाली राहण्यापुरते इंच मिळवले, तर लाँगही काठावरच येत होता. आम्ही 6 हॉर्सपॉवर, एक्स्ट्रा लाँग घेतली.