‘दा होंग पाओ नकली आहे’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक तारा देऊन आमच्या दा होंग पाओ या चिनी चहाला नकली म्हटलं आहे. खरा चहा वुयी डोंगरातल्या सहाच झुडपांचा असतो, पाकिटात दोन आकारांची पानं निघाली म्हणजे भेसळ आहे, आणि पाच मिनिटं उकळल्यावर चव जळकट, कडू लागली, असं तुमचं म्हणणं. हे वाचून बाकीच्या गिऱ्हाइकांनाही शंका येईल, म्हणून उत्तर इथेच देतो.

ती सहा झुडपं आहेत, आणि त्यांचा मान मोठाच आहे. फूच्येन प्रांतातल्या वुयी डोंगरात, चिउलोंगखे नावाच्या घळीत, कड्याला दगडी बांध घालून ती जपली आहेत. पण त्यांची शेवटची खुडणी २००५ साली झाली. २००६ पासून ती बंद आहे. त्या शेवटच्या चहातले २० ग्रॅम २००७ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिले गेले. तेव्हा आज कुणी ‘मूळ झाडाचा चहा’ म्हणून पाकीट विकत असेल, तर फसवणूक तिथे आहे. आम्ही तसा दावा कधीच केला नाही.

मग अस्सल कशाला म्हणायचं? चीनचं २००६ चं राष्ट्रीय मानक वुयीच्या खडक-चहाचे, म्हणजे तिथल्या खडकाळ जमिनीत वाढणाऱ्या चहाचे, पाच प्रकार मानतं, दा होंग पाओ त्यातला एक, आणि तो वुयीशान शहराच्या हद्दीतलाच असावा लागतो. बाजारात जो दा होंग पाओ मिळतो तो बहुतेक मिश्रणाचा असतो. मूळ झुडपांच्या कलमांपासून वाढवलेला निव्वळ चहाही मिळतो, पण कमी. मिश्रणात मुख्यतः श्वेशिआन आणि रोउक्वे या दोन जाती येतात. श्वेशिआनचं पान मोठं, रोउक्वेचं त्याहून लहान. तुम्हाला दिसलेली दोन आकारांची पानं हीच. दोन्ही वुयीचीच. हे मिश्रण जमवणं हे तिथल्या कारागिरांचं खास कसब आहे. बाहेरची पत्ती घुसडली असती तर तिला भेसळ म्हटलं असतं.

आता तुमच्या पाकिटातली पानं गरम पाण्यातून काढून पांढऱ्या बशीत उलगडून बघा. काही पानांच्या पाठीवर बेडकाच्या कातडीसारखे बारीक फोड दिसतील. कोळशाच्या मंद आचेवर चहा तासन्‌तास, पुन्हापुन्हा भाजतात, त्याची ती खूण. पान काळपट असलं तरी बोटात धरल्यावर लवचिक राहिलं पाहिजे. कोळसा होऊन चुरा झालं तर भाजणी बिघडली समजा. भाजणीचा वास नव्या चहात जास्त येतो, काही महिन्यांत तो निवतो.

आमचा चहा चंगयेनचा, म्हणजे ऐन कड्यांमधल्या घळींचा नाही. न्यूलानखंगसारख्या घळीत ऊन थोडा वेळच पोचतं, माती मुरमाड, आणि तिथल्या चहाचा भाव आमच्या पाकिटाच्या कित्येक पट असतो. आमची पत्ती वुयीशानच्या हद्दीतली, पण कड्यांबाहेरच्या बागांची. पाकिटावर तसं स्पष्ट छापलंय आणि किंमतही त्याच हिशेबाने ठेवली आहे. या किमतीत कुणी चंगयेन देतो म्हणाला तर मी स्वतः घेणार नाही.

राहिला कडूपणा. हा चहा पातेल्यात उकळायचा नाही. १०० मिली पाण्याला ५ ग्रॅम पत्ती, पाणी खळखळ उकळतं, पण भांड्यात पत्तीवर ओतून दहा-पंधरा सेकंदांत गाळून घ्यायचं. तीच पत्ती पाच-सहा वेळा चालते; दर खेपेला वेळ थोडा वाढवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या कपात घशात गोडवा उतरतो, तोवर तरी थांबा.

एवढं करूनही आवडला नाही तर उरलेलं पाकीट फोडलेलं असलं तरी परत पाठवा, पूर्ण पैसे देऊ. चव आवडली नाही असं खुशाल लिहा, तारेही तुमच्या मर्जीने द्या. ‘नकली’ हा शब्द मात्र काढावा, ही कळकळीची विनंती.