झाकली मूठ साडेअकरा कोटींची

सुरुवात आशूनेच केली. हातात तर्री पोह्याची प्लेट, पोह्यात बुडालेला चिवडा, आणि हा विचारतो, "नित्या, साडेअकरा कोटीत इतवारीत काय येते बे?"

नित्या सराफा ओळीत एका पेढीवर हिशेब पाहतो. पैशाचा प्रश्न आला की आधी तो घास गिळतो, मग बोलतो. "जागा की माल?"

"काही पण."

"मग मनाला लावून घेऊ नको. तुझ्या सात पिढ्यांत नाई येत."

"अमेरिकेत तेवढ्यात एक व्हिडिओ गेम गेला. सुपर मारियो ६४. जुलै २०२१, लिलावात, १५ लाख ६० हजार डॉलर. पॅकबंद. आजवर कोणी उघडलाच नाही."

नागपुरात शंकरनगरच्या आमच्या टपरीवर रविवारी सकाळी राजकारणाला बंदी आहे, कारण त्यावरून दोनदा अबोला झाला. त्यामुळे असा एखादा बिनविषारी विषय आला की सगळे तुटून पडतात. पक्या मोबाइल दुरुस्त करतो, मृणाल डिझाइनर आहे आणि आमच्यात सगळ्यात जास्त गेम तीच खेळते, आणि देशपांडे काका एजी (महालेखापाल) ऑफिसातून निवृत्त झालेले, नाणी जमवणारे. आशू मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे आणि जुने गेम जमवतो. मी लिहितो, म्हणजे ऐकतो.

"उघडलाच नाही म्हणजे?" पक्याला तिथेच अडकायला झालं. "मग आत गेम आहे हे कशावरून?"

आशू म्हणाला की ग्रेडिंग कंपन्या असतात. त्या डबा तपासतात, त्याला दहापैकी आकडा देतात, वरच्या प्लास्टिकच्या वेष्टनाला वेगळी श्रेणी देतात, आणि मग तो डबा जाड पारदर्शक पेटीत कायमचा बंद. या मारियोला ९.८ मिळाले होते, वेष्टनाला ए प्लस प्लस.

"म्हणजे झाकली मूठ," काका म्हणाले.

"सव्वा लाखाची नाही काका, साडेअकरा कोटींची."

मृणालचा चहा तेवढ्यात आला, म्हणून ती थोडी उशिरा पेटली. "मले एक सांग. तो गेम दुर्मिळ आहे का? १९९६ चा गेम, जवळपास एक कोटी वीस लाख कॉप्या विकल्या गेल्या. २०२० मध्ये निन्टेन्डो कंपनीने स्विच मशिनवर परत आणला. मी स्वतः खेळून राहिली होती लॉकडाऊनमध्ये. गल्लीगल्लीत होता तो गेम. मग हे साडेअकरा कोटी कशाचे, गेमचे की पन्नीचे?"

"पन्नीचे," आशूने सरळ मान्य केलं. "गेम दुर्मिळ नाई. असा न उघडलेला, कोपरा न दबलेला डबा दुर्मिळ आहे. पोट्टं दिवाळीत गेम घरी आणते तर काय करते? टराटरा फाडते ना? ज्याने नाई फाडला तो एक."

आशूची बाजू इथे मला पटते, थोडी. लहान मुलासाठी बनवलेली वस्तू लहान मुलाच्या हातून वाचणं हे खरंच अवघड आहे. पण नित्याने दुसरीकडून गाठलं. तो म्हणाला, सोन्याचा दागिना मोडीत घातला तरी वजनाला भाव येतो. हॉलमार्क खोटा निघाला तर आटवून पाहता येतं. या डब्यात तसा तळ कुठे आहे? उद्या कोणालाच नको झाला तर उरतं काय, पुठ्ठा. आणि आकडा देणारे कोण, विकणारे कोण, घेणारे कोण, यांचं एकमेकांशी काय नातं?

नेमकं नाजूक ठिकाणी बोट ठेवलं होतं त्याने. मारियोच्या दोनच दिवस आधी 'लेजंड ऑफ झेल्डा'ची एक जुनी पॅकबंद प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली होती, तो विक्रम अठ्ठेचाळीस तासही टिकला नाही. ऑगस्टमध्ये पहिल्या सुपर मारियोची प्रत २० लाख डॉलरला गेली. ही प्रत एका कंपनीने एप्रिल २०२० मध्ये १ लाख ४० हजार डॉलरला घेऊन लोकांना तिचे शेअर विकले होते. सोळा महिन्यांत चौदापट. जग घरात बसलेलं, हातात पैसा, आणि १९९० मध्ये दहा वर्षांचा असलेला अमेरिकन पोरगा आता चाळिशीचा. २०२२ मध्ये एका ग्रेडिंग कंपनीवर कॅलिफोर्नियात खटला दाखल झाला, बाजार मुद्दाम फुगवल्याचा आरोप होता. कंपनीने असले आरोप आधीच बिनबुडाचे म्हणून झटकले होते. पुढे तो ताप उतरला, बंद डब्यांचे भाव खाली आले.

"पाह्य," नित्या म्हणाला. "वर चढताना जो आकडा पेपरात आला तो सगळ्यांना पाठ. उतरताना कोणी छापते का?"

"मग काका, तुमची नाणी?" मृणालने मोर्चा वळवला. "तिथेही ग्रेड असतात ना?"

काकांनी चष्मा पुसला. हे त्यांचं बोलायच्या आधीचं नेहमीचं. "असतात. पण मी नाणं हातात घेतो. उलटं करून पाहतो, टांकसाळीची खूण पाहतो. तुमच्या त्या पेटीत घातल्यावर गेम उलटा कसा करायचा? नाणं पाहायचं असतं, ते पाहून होते. गेम खेळायचा असतो. न खेळता येणारा गेम म्हणजे मला तरी कळत नाही बुवा."

आशूकडे याला उत्तर होतं, आणि ते त्या सकाळचं सगळ्यात चांगलं उत्तर होतं. त्याने निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिपची गोष्ट सांगितली. १९९० ची अमेरिकेतली स्पर्धा, शहराशहरांत फिरलेली. तिच्यासाठी खास कार्ट्रिज, म्हणजे मशिनमध्ये खोचायची गेमची डबी, बनवलं. त्यात तीन गेमचे तुकडे: मारियोत पन्नास नाणी गोळा करायची, मग रॅड रेसरची एक शर्यत, मग उरलेल्या वेळात टेट्रिस. एकूण वेळ सहा मिनिटं एकवीस सेकंद. ९० राखाडी कार्ट्रिज अंतिम फेरीतल्या स्पर्धकांना मिळाली आणि २६ सोनेरी एका मासिकाच्या स्पर्धेत वाटली. दुकानात एकही विकलं गेलं नाही.

"हे आहे दुर्मिळ," आशू म्हणाला. "मोजून एकशे सोळा. याचे पैसे मागितले तर मी गप बसतो. त्याच्यावर छोटे छोटे स्विच आहेत, ते खालीवर करून स्पर्धेची वेळ बदलता येते. ते काढून घ्यायचं, लावायचं, आणि सहा मिनिटं त्या पोरांसारखं घाम गाळायचं."

"तू गाळशील घाम?" पक्या. "लाखभर डॉलरचं कार्ट्रिज फुंकर मारून खोचशील?"

आशू हसला, पण उत्तर नाही दिलं.

फुंकरीवरून गाडी साहजिकच आमच्या लहानपणावर आली. नव्वदच्या दशकात नागपुरात निन्टेन्डोचा खरा डबा कोणी पाहिला होता? आमच्याकडे होते ते बर्डीवरून आणलेले नकली संच, पिवळी कार्ट्रिज, वर '९९९९ इन १' लिहिलेलं. आत खरे गेम वीस-पंचवीस, बाकी तेच ते फिरून फिरून, नुसती नावं बदललेली. कॉन्ट्रा गेममध्ये तीस जीव मिळवायचा कोड मात्र बिनचूक चाले, आणि तो धरमपेठेतल्या पोराला येत होता तसाच सक्करदऱ्यातल्या पोरालाही येत होता, कोणी शिकवला देव जाणे.

"त्या संचाला आज किती भेटतील?" नित्याने धंद्याचं विचारलं.

पक्या म्हणाला, "माह्या दुकानात तीन पडून आहेत. कोणी उचलून नेले तर मी चहा पाजीन."

आणि मला वाटतं सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे. भाव दुर्मिळतेला नसतो. आमची ती पिवळी कार्ट्रिज आज शोधायला गेलात तर त्या मारियोपेक्षाही कमी सापडतील, कारण ती कोणी जपलीच नाहीत. पण त्यांच्यासाठी हट्ट धरणारा श्रीमंत माणूस अजून तयार झालेला नाही. अमेरिकेत तो तयार झाला, म्हणून तिथे लहानपणाला बोली लागते. उद्या आमच्यातला कोणी पैसेवाला झाला आणि त्याला वेड लागलं, तर पक्याच्या दुकानातल्या त्या तीन संचांनाही पेटी आणि आकडा मिळेल. तोवर चहा.

मृणालला माझं हे पटलं नाही. तिच्या मते मी सगळं आठवणींवर ढकलत होतो. तिने दुसरंच उदाहरण काढलं: पॅन्झर ड्रॅगून सागा. १९९८, सेगा सॅटर्न नावाचं मशिन, चार डिस्कचा गेम. नंतर कुठल्याच मशिनवर परत आला नाही. मूळ सोर्स कोडच हरवला असं सांगतात. "हा खेळायचा असेल तर हजार डॉलरच्या घरात मोज, नाहीतर चोरून उतरव. तिसरा रस्ता कंपनीने ठेवलाच नाई. २०२३ मध्ये गेमचा इतिहास जपणाऱ्या एका संस्थेने अभ्यास केला. अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ दुकानातून भेटतच नाई. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या मशिनींचं ऑनलाइन दुकान बंद केलं. अशा गेमला कोणी हजार डॉलर दिले तर मी त्याला बह्याड नाई म्हणत. कंपनीने मोकळी सोडलेली जागा आहे ती, त्याच्यावर कोणी भाडं वसूल करून राहिला."

"मग परत काढला तर भाव पडेल?"

"पडूदे ना! पडलाच पाहिजे."

आशूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. खेळणाऱ्याला जो दिवस दिवाळी, तोच जमवणाऱ्याला नुकसानीचा, हे त्याने आधी मोठ्याने कबूल केलं नसावं. त्याने वेळ काढायला ई.टी.चं खोदकाम सांगितलं. अटारी कंपनीचा १९८२ चा गेम, इतका पडून राहिला की १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत गाडला. २०१४ मध्ये उकरून काढला. तेरा-चौदाशे कार्ट्रिज निघाली, त्यांतली शेकड्याने शहराच्या प्रमाणपत्रासह विकली. एक मातकट ई.टी. १५३५ डॉलरला गेला. तोच गेम स्वच्छ, चालू, घरातला, कवडीमोल.

"कचऱ्याला प्रमाणपत्र," काका म्हणाले. "हे मात्र आपल्या महापालिकेला सांगू नका."

हसणं ओसरलं तेव्हा आशूने खिशातून रुमाल काढला, रुमालातून प्लास्टिकची डबी, डबीतून एक बोटभर हिरवट पारदर्शक कार्ट्रिज. पोकेमॉन एमराल्ड, २००५ चा. मुंबईच्या एका माणसाकडून कालच आला होता. म्हणजे साडेअकरा कोटींची प्रस्तावना यासाठी होती.

"कितीला?"

"अठरा हजार."

पक्याने प्लेट खाली ठेवली. "आण इकडे. आधी खरा का खोटा ते पाहू, महाग का स्वस्त मंग पाहू."

त्याच्या बॅगेत नेहमी पेचकसांचा संच असतो. पण आधी त्याने कार्ट्रिज उन्हात तिरकं धरलं. लेबलवर उजवीकडे दोन आकड्यांचा अगदी बारीक दाबलेला ठसा दिसला, शाई नाही, नुसता खोलगट. नकली मालात बहुतेक तोच राहून जातो. मग खालच्या खाचेत पाहिलं, सोनेरी पिनांच्या वर निन्टेन्डोचं नाव छापलेलं. मग मागचा तीन पाकळ्यांचा स्क्रू. आत वेगवेगळ्या चिप, प्रत्येकीवर नंबर, आणि टाके घालून जोडलेली चपटी बॅटरी. "नकलीत काळ्या डांबराचा एक गोळा असते," पक्या म्हणाला. "हा ओरिजिनल आहे बे." आशूने इतका मोठा श्वास सोडला की काकांनी चहा बाजूला धरला.

"पण बॅटरी मेलेली आहे."

ती मेली की गेम सुरू होताना तसा संदेश येतो. खेळ चालतो, सेव्हही होतो, कारण सेव्ह वेगळ्या चिपमध्ये. थांबतं फक्त आतलं घड्याळ: गेममध्ये लावलेली बोरं वाढत नाहीत, एका गुहेतली भरती-ओहोटी होत नाही.

"दीडशे रुपये दे, संध्याकाळी नवीन टाकून देतो. सोल्डरिंगसकट."

"नको, नको!" आशूने कार्ट्रिज ओढूनच घेतलं. "मूळ टाके आहेत ते. ओरिजिनल बॅटरी गेली तर विकताना कमी भेटतात."

"विकून राहिला का तू?" मृणालने विचारलं.

"आत्ता नाई."

"मग खेळून राहिला?"

"थांब ना. ग्रुपवर विचारतो आधी."

"काय विचारतो? बोरं वाढू देऊ का म्हणून?"

काकांनी तेवढ्यात चष्मा पुसायला घेतला, आणि नित्या म्हणाला आणखी दोन कटिंग सांग, हे आता दुपारपर्यंत चालते.