‘वाद्य घरून लावून आणा’ म्हणणाऱ्या रसिकांस

रसिक ठाणेकर (टोपणनावच घेतलंत, म्हणून असंच म्हणतो),

सारंगीच्या साथीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘वीस-वीस मिनिटं खुंट्या पिळत बसता, हा श्रोत्यांचा अपमान आहे. वाद्य घरून लावून आणा. पेटीवाला येतो, बसतो, वाजवतो. पं. राम नारायणांना कधी इतका वेळ लागला नाही. ट्यूनर घ्या आणि मानधनाचं रडगाणं बंद करा.’

टीका जरूर करा. पण ‘पिळत बसता’, ‘रडगाणं’ ही काय भाषा झाली? गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर समोरासमोर भेटला असतात तर असंच बोलला असतात का? एक मान्य करतो. साडेसहाचा कार्यक्रम सातला सुरू झाला की पुढे बदलापूर-टिटवाळ्याला जाणाऱ्यांचे हाल होतात. तेवढी तक्रार रास्त.

आता ‘घरून लावून आणा’. घरून म्हणजे कोणत्या सुरात? गायिका काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणार की पाचला, हे कित्येकदा ग्रीनरूममध्ये कळतं. सारंगीच्या तीन मुख्य तारा तातीच्या, म्हणजे आतड्याच्या. त्या हव्या तितक्या चढवल्या तर तुटतात. म्हणून आपल्या वाद्याचा मध्यम किंवा पंचम हाच गायिकेचा षड्ज, म्हणजे सा, धरून वाजवावं लागतं. ते ठरलं की खाली पस्तीसेक तरफा, म्हणजे मुख्य तारेचा स्वर लागला की आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारा, आहेतच. पुरिया धनाश्री रागात रिषभ-धैवत कोमल, मध्यम तीव्र, गंधार-निषाद शुद्ध. त्यानंतर बाईंनी बागेश्री काढला, तर रिषभ-धैवत शुद्ध होतात, मध्यम शुद्ध होतो, गंधार-निषाद कोमल. बदलू शकणारे पाचही स्वर बदलले! बाराही स्वरांच्या तरफा तशाच ठेवता येतात, पण रागाच्या तरफांच्या संचात षड्ज-पंचम वगळले तर बाकी सगळ्या पुन्हा लावायच्या. घरी बसून काय लावणार?

आणि तरफा लावणं हे एकेक खुंटी फिरवून मोकळं होण्याचं काम नाही. सारंगीचं पोट बकरीच्या कातड्यानं मढवलेलं, तारा पेलणारी घोडी त्या कातड्यावर उभी. तरफा चढवल्या की घोडीवरचा भार वाढतो, कातडं दबतं आणि मघाशी लावलेला षड्ज उतरतो. म्हणून आधी मुख्य तारा, मग तरफा, मग पुन्हा मुख्य तारा, आणि शेवटी गज (वाजवायची धनुकली) फिरवून एकेका स्वराला त्याची तरफ खालून बोलते का ते ऐकायचं. बोलली नाही तर खुंटी केसभर इकडे-तिकडे. बाहेरून हे पिळणंच दिसत असेल.

त्यात आपलं ठाणं. जुलैत खाडीचा दमटपणा कातडं पितं, ते सैलावतं, घोडी खाली बसते, आवाज बुजतो. तातही ओल धरते. लाकडी खुंट्या फुगून अडकतात. त्याच अवस्थेत रंगमंचावर येऊन एसीत बसलं की अर्ध्या तासात कातडं आवळायला लागतं आणि सगळं वर सरकतं. कोरडेपणानं खुंट्या घसरायला लागल्या तर खडू चोळावा लागतो. लोकलमधून आणलेलं वाद्य या दोन हवांमध्ये सापडतं. पेटीच्या पितळी पट्ट्यांना यातलं जवळपास काहीच होत नाही. ते पेटीचं भाग्य. पेटीवाल्यांशी आमचं भांडण नाही, तुम्हीच लावू नका.

सारंगीवादक राम नारायणजींचं नाव मात्र तुम्ही उगाच ओढलंत. 1956 पासून ते पूर्णवेळ एकल वादनाकडे वळले. एकल वादनात षड्ज आपला, राग आपला, क्रम आपला. म्हणजे वाद्य आधी लावून ठेवता येतं. लेख साथीबद्दल होता. वाचला होतात ना?

ट्यूनरबद्दल थोडक्यात. षड्जापुरता चालतो. पण त्याचा काटा सप्तकाचे बारा समान भाग दाखवतो आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार त्याहून स्पष्ट उतरलेला असतो. काट्यावर लावलेली गंधाराची तरफ गायिकेच्या गंधाराला उत्तर देत नाही, त्याच्याशी भांडते. आमच्या घरात दोन पिढ्या गज चालला. यंत्र पाहून कान लावायला आम्हाला शिकवलेलं नाही.

मानधनाचं आयोजकांना विचारा. मी इथे हिशेब मांडणार नाही.

वेळ खरोखर वाचवायचा असेल तर पुढच्या वेळी तिकीट काढताना आयोजकांना दोन गोष्टी सांगा. दुपारच्या नाटकाचं नेपथ्य उतरेपर्यंत आम्हाला रंगमंच मिळत नाही, तेव्हा मधे निदान तासभर मोकळा ठेवा. आणि एसी आम्ही वाद्य उघडायच्या आधी चालू करा, पडदा वर जाताना नव्हे. तुम्ही तिकीट घेणारे, तुमचं ऐकतील. आमचं ऐकून झालंय त्यांचं.