‘मनाचे डॉक्टर बघतील’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नोकरकपातीची कुजबुज सुरू झाली की मुंबईतील कचेऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हटकून फिरू लागतो: वरिष्ठांनी कामाचे तेवढे बोलावे, कर्मचाऱ्यांच्या मनाची विचारपूस करू नये, ते डॉक्टरांचे काम आहे, विचारल्याने खचलेला माणूस अधिकच खचतो, आणि एकाला सवलत दिली की सगळेच रजा मागतात.

यातील पहिले विधान अर्धे खरे आहे. निदान डॉक्टरांनीच करावे. पण डॉक्टरांपर्यंत माणूस पोहोचतो कुठे? बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचे आढळले. विरारहून चर्चगेटला रोज येणाऱ्या माणसाचा जागेपणीचा बहुतेक वेळ गाडीत आणि कचेरीत जातो. त्यामुळे त्याने डबा न उघडणे किंवा साध्या हिशेबात वारंवार चुकणे घरच्यांआधी शेजारच्या टेबलावर दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यवस्थापकांना प्रशिक्षण देण्याची शिफारस केली आहे, ती त्यांना अर्धे डॉक्टर बनवण्यासाठी नव्हे.

दुसरे विधान अधिक घातक आहे. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज असल्याचे हीच संघटना सांगते. तसे उत्तर आलेच तर त्या माणसाला एकटे न सोडता घरच्यांना आणि डॉक्टरांना गाठावे. मात्र सर्वांदेखत ‘काय रे, तोंड पाडून का बसलास?’ म्हणणे ही विचारपूस नव्हे. दार लावून ‘गेले दोन आठवडे तुम्ही डबा खायला आमच्यात बसत नाही, सगळे ठीक आहे ना?’ एवढे म्हणावे आणि गप्प बसावे. (हे गप्प बसणेच सर्वांत जड जाते, हे मी स्वतःवरूनच सांगतो.) आजाराचे नाव विचारू नये. नोकरी टिकेल असे खोटे आश्वासन तर मुळीच देऊ नये. निर्णय कोणत्या तारखेला कळेल, नोटिशीचा काळ किती असेल, हे ठाऊक असल्यास सांगावे, कारण अशा दिवसांत पुष्कळांची झोप उडते ती काहीच कळत नसल्यामुळे, आणि त्यावरचा उतारा डॉक्टरांकडे नसून वरिष्ठांकडेच असतो. ‘कामाचे तेवढे बोला’ हा आग्रह इथेच कोसळतो.

रजेच्या भीतीत फारसा दम नाही. गर्दीची गाडी टळावी म्हणून कामाची वेळ तासभर पुढे ढकलणे म्हणजे रजा नव्हे. खरी अडचण संदेशात आलेलीच नाही: सांगितलेले वार्षिक मूल्यमापनात उमटेल, ही कर्मचाऱ्याची धास्ती. ती अनाठायी नाही, कारण मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील गोपनीयतेचे बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे, वरिष्ठांवर नाही. म्हणून ऐकलेले कोणाला सांगणार आणि कोणाला नाही, हे बोलणे सुरू होण्याआधीच स्पष्ट करावे. त्यानंतरही समोरचा काही बोलला नाही, तर आग्रह धरू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या हाती द्यावा. तिथे चोवीस तास, मराठीतही बोलता येते, आणि त्याने फोन केला की नाही, हे नंतर विचारू नये.